मोटरसायकलला बाहेरची (कंपनीची मूळ नसलेली) ब्रेक लिव्हर बसवताना: तयारी, कामाचा क्रम आणि तपासण्या

पुढच्या ब्रेकची लिव्हर बदलायची म्हणजे एक नट आणि एक बोल्ट. पंधरा मिनिटांत उरकणारं काम म्हणून ते घाईत होतं आणि घाईतच चुकतं. जुनी काढली, नवी घातली, बोल्ट करकचून आवळला, दोनदा दाबून पाहिलं, झालं. मग काही किलोमीटर गेल्यावर गाडी जड वाटायला लागते, डिस्क तापते, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर पुढचं चाक चालत्या गाडीत धरतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ब्रेकचा दिवा कायम पेटलेला राहतो किंवा अजिबात पेटत नाही. ते चालवणाऱ्याला दिसतच नाही.

या दोन्ही चुका लिव्हरच्या हातात धरायच्या भागात होत नाहीत. पिव्होटजवळच्या, म्हणजे लिव्हर ज्या बोल्टभोवती फिरते त्याच्याजवळच्या, इंचभर भागात होतात, म्हणून या लेखाचा बराचसा भर तिथेच आहे. इथली कृती हँडलवर मास्टर सिलिंडर (लिव्हरच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) असलेल्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठी आहे. केबलने चालणारा ड्रम ब्रेक आणि एका लिव्हरने दोन्ही चाकांचे ब्रेक लावणारी स्कूटरची जोडव्यवस्था यांची रचना वेगळी असते. त्यांना हे मोजमाप लावू नका.

## आधी हे समजून घ्या: लिव्हर सोडल्यावर आत काय व्हायला हवं

लिव्हर दाबली की तिचं आतलं टोक मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतं. या टोकाला पुढे 'दाबटोक' म्हणू. पिस्टनवर रबरी सील असतं. सील सिलिंडरमधलं एक बारीक छिद्र ओलांडून पुढे सरकलं की वरच्या ब्रेक ऑइलच्या डबीशी असलेला संबंध तुटतो, दाब तयार होतो आणि चाकाजवळचा कॅलिपर डिस्कवर पॅड दाबतो. लिव्हर सोडली की स्प्रिंग पिस्टनला मागे आणते आणि ते छिद्र पुन्हा उघडं पडतं.

हे छिद्र उघडं राहणं फार महत्त्वाचं आहे. ब्रेक वापरला की कॅलिपर तापतो, आतलं ब्रेक ऑइल फुगतं आणि जास्तीचं ऑइल याच वाटेने डबीत परत जातं. नव्या लिव्हरचं दाबटोक जरा लांब किंवा जाड असलं तर लिव्हर पूर्ण सोडल्यावरही पिस्टन थोडा आत दाबलेला राहतो आणि सील छिद्रावरच थांबतं. आता फुगलेल्या ऑइलला जायला जागा नाही. ते पॅडना डिस्कवर दाबतं, घर्षण वाढतं, उष्णता वाढते, ऑइल आणखी फुगतं. चालवणाऱ्याने लिव्हरला हात लावलेला नसतानाही ब्रेक स्वतःहून आवळत जातो.

थंड गाडीवर यातलं काहीच दिसत नाही. उभ्या गाडीवर चाक फिरतं, लिव्हर कडक लागते, सगळं छान वाटतं. म्हणून शेवटची तपासणी तापलेल्या ब्रेकवरच करायची असते. ती गाळली तर काम अर्धवट राहिलं असं समजा.

## टप्पा १: नवी लिव्हर गाडीला हात लावण्याआधी तपासा

'या मॉडेलला बसते' एवढ्या सांगण्यावर भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक, किंवा एबीएस असलेल्या आणि नसलेल्या प्रकारात, मास्टर सिलिंडर बदललेला असू शकतो. मास्टर सिलिंडर बदलला की लिव्हरही बदलते. त्यामुळे उत्पादनाचं वर्ष आणि प्रकार सांगूनच लिव्हर घ्या.

लिव्हर हातात आली की ती आधी नुसती पाहा. पिव्होटच्या भोकाच्या कडेला आणि दाबटोकावर यंत्रकामाचे बारीक काटे राहिलेले नाहीत ना? ग्रिपपासूनचं अंतर कमीजास्त करायचा खटका प्रत्येक आकड्यावर नीट बसतो का, की मध्येच अडकून राहतो? घडी होणारी लिव्हर असेल तर तिचा सांधा वरखाली डगमगतो का? सांध्यात आजच ढिलेपणा असेल तर तो पुढे वाढणार आहे. अशी लिव्हर परत करा.

टोकाला गोळा असायलाच हवा. पडल्यावर लिव्हर अंगात घुसू नये म्हणून तो असतो. एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या शर्यतींच्या नियमांत या गोळ्याचा व्यास किमान १६ मिमी लागतो. टोकदार किंवा कापून आखूड केलेली लिव्हर कितीही देखणी असली तरी ती बसवू नका.

आखूड लिव्हर घेताना एक हिशोब लक्षात ठेवा. समजा दाबटोक पिव्होटपासून २५ मिमीवर आहे आणि तुमची बोटं १२० मिमीवर पडतात, तर हाताचा जोर ४.८ पट होऊन पिस्टनला मिळतो. आखूड लिव्हरवर बोटं ९० मिमीवर आली तर तोच जोर ३.६ पट होतो. म्हणजे तेवढाच ब्रेक लागण्यासाठी बोटांना एक तृतीयांश जास्त जोर द्यावा लागेल. दोन बोटांनी ब्रेक लावणाऱ्याच्या हाताला, गाडीचा ब्रेक मुळातच चांगला चावरा असेल तर, हे चालून जातं. ज्याला चारही बोटं लागतात त्याने पूर्ण लांबीचीच लिव्हर घ्यावी.

## टप्पा २: हत्यारं आणि ग्रीस

- ८, १० आणि १२ मिमीचे रिंग पाने
- बोल्टच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर किंवा ॲलन की. जपानी घडणीच्या गाड्यांवर चौफुलीच्या खाचेला जेआयएस (जपानी मानक) मापाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. साधा फिलिप्स खाच खाऊन टाकतो
- व्हर्नियर कॅलिपर आणि एक लहान पट्टी
- १ ते १५ न्यूटन-मीटरच्या टप्प्यात खात्रीचं काम करणारा छोटा टॉर्क पाना
- धागे न सुटणारं कापड, जुना टूथब्रश
- पिव्होटसाठी लिथियम ग्रीस, पिस्टनच्या टोकासाठी सिलिकोन ग्रीस

दोन वेगळी ग्रीस कशाला, हा प्रश्न पडतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ऑइलच्या सिलिंडरमधली रबरी सीलं खनिज तेलाने फुगतात. लिथियम ग्रीस बहुधा खनिज तेलावर बनतं. पिस्टनच्या तोंडाशी ते लावलं तर ओघळून रबरी टोपीच्या आत आणि पुढे सीलपर्यंत जाऊ शकतं. फुगलेलं सील पिस्टनला मागे येऊ देत नाही, आणि मग लिव्हर निर्दोष असूनही ब्रेक धरून राहतो. म्हणून पिस्टनजवळ फक्त सिलिकोन ग्रीस. ते मिळत नसेल तर तिथे काहीही लावू नका, पण हाताशी आहे म्हणून चेनचं किंवा बेअरिंगचं ग्रीस लावू नका.

ब्रेक ऑइल या यादीत मुद्दामच नाही. लिव्हर बदलताना हायड्रॉलिक भाग कुठेच उघडायचा नसतो, त्यामुळे हवा काढायची म्हणजे ब्लीड करायचीही गरज पडत नाही.

## टप्पा ३: जुन्या लिव्हरची नोंद घ्या

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि मग नवी लिव्हर बसवल्यावर 'आधी कसं होतं' हे कुणालाच सांगता येत नाही.

गाडी थंड असू द्या. मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या, पुढचं चाक जमिनीपासून सुटेल असा आधार द्या आणि हँडल सरळ ठेवा. मग मूळ लिव्हरवर या गोष्टी लिहून ठेवा:

१. लिव्हरच्या टोकाशी मोकळी चाल, म्हणजे पिस्टनचा विरोध लागेपर्यंत टोक किती मिमी सरकतं.
२. किती दाबल्यावर ब्रेकचा दिवा पेटतो.
३. चाक हाताने फिरवल्यावर किती मोकळं फिरतं. ब्रेक दाबून सोडल्यावरही तेवढंच फिरतं का.
४. पिव्होटजवळचा फोटो, वरून आणि खालून.

तपासा: जुन्या लिव्हरवरच चाक जड फिरत असेल तर काम इथेच थांबवा. कॅलिपरचे पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना अडकल्या असतील. तो दोष आधी काढा. नाहीतर पुढे चाक धरलं तर कारण नवी लिव्हर आहे की जुना कॅलिपर, हे ओळखता येणार नाही.

## टप्पा ४: जुनी लिव्हर काढणं

बहुतेक गाड्यांत पिव्होट बोल्ट वरून येतो, मास्टर सिलिंडरच्या दोन कानांतून आरपार जातो आणि त्याखाली लॉकनट असतो. पुष्कळ गाड्यांत बोल्ट खालच्या कानाच्या आट्यांतही बसलेला असतो, म्हणजे तो नटाशिवायही धरतो.

त्यामुळे क्रम असा: आधी खालचा नट पूर्ण काढा, मगच वरून बोल्ट फिरवा. नट तसाच ठेवून वरून बोल्टवर जोर लावला की त्याची खाच तरी खराब होते किंवा ॲल्युमिनियमच्या कानातले आटे तरी खेचले जातात. कानातले आटे गेले तर मास्टर सिलिंडरचा आख्खा साचाच बदलावा लागू शकतो.

बोल्ट निघाला की लिव्हर सरळ बाहेर ओढा, पण एक हात खाली धरून. काही गाड्यांत पितळी बुश, बारीक स्प्रिंग किंवा वॉशर मोकळे असतात आणि लिव्हरबरोबर खाली पडतात. कोणता भाग कुठल्या बाजूला होता ते पाहून ओळीने कापडावर ठेवा.

सावध: लिव्हर निघाल्यावर पिस्टन आतल्या सर्कलिपमुळे (खाचेत बसणाऱ्या कडीमुळे) जागेवर राहतो, तो बाहेर येत नाही. पण त्यावरची रबरी टोपी उचकटू नका. ज्या गाड्यांत लिव्हर आणि पिस्टन यांच्यामध्ये ढकलदांडा असतो, तिथे टोपी ओढली की दांडाही निघून येतो. दांड्यावर किंवा लिव्हरवर फिरवायचा स्क्रू असेल तर त्यालाही हात लावू नका. पिस्टनची विश्रांतीची जागा त्यावरच ठरलेली असते.

## टप्पा ५: दोन्ही लिव्हर शेजारी ठेवून मोजा

आता जुनी आणि नवी लिव्हर, पिव्होटचं भोक एकाखाली एक येईल अशी ठेवा. व्हर्नियरने चार ठिकाणं मोजायची.

पिव्होटजवळची जाडी. जुनीपेक्षा जाड असेल तर कानांत अडकेल. पातळ असेल तर वरखाली खडखडेल. किंचित फरक योग्य जाडीच्या पातळ वॉशरने भरून काढता येतो. जाड निघाली तर मात्र ती घासत बसू नका, बदलून घ्या.

भोक आणि बुश. मूळ लिव्हरमध्ये पितळी बुश असेल तर नव्या लिव्हरमध्ये तो आधीच बसवलेला आहे की जुना काढून घालायचा आहे, हे पाहा. बुश विसरला तर बोल्टाभोवती मोकळी जागा राहते, लिव्हर तिरकी हलते आणि दाबटोक पिस्टनच्या मधोमध न बसता कडेला घासतं.

दाबटोक. पिव्होटच्या मध्यापासून दाबटोकापर्यंतचं अंतर आणि दाबटोकाची उंची, दोन्ही जुळली पाहिजेत. अंतर वाढलं तर ब्रेक जड लागतो. घटलं तर तो हलका पण लांब चालीचा होतो, आणि लिव्हर ग्रिपच्या जास्त जवळ येते. उंची जास्त असली की वर सांगितलेला ब्रेक धरण्याचा दोष येतो.

स्विचचा उंचवटा. ब्रेकच्या दिव्याचा स्विच दाबणारा किंवा सोडणारा भाग. त्याची जागा आणि जाडी जुन्याशी ताडून पाहा.

सावध: दाबटोक लांब निघालं तर 'कानशीने थोडं घासून देतो' म्हणणारे बरेच भेटतील. ते करू नका. हाताने घासलेला पृष्ठभाग वाकडा होतो, वरचा कडक थर निघून जातो, आणि किती घासलं म्हणजे पुरे हे डोळ्यांना कळत नाही. स्विचच्या उंचवट्याचं वेगळं आहे. त्यावर जोर येत नाही. तो फार जाड असेल तर बारीक कानशीने केसभर घासायला हरकत नाही. घासताना लिव्हर गाडीपासून दूर ठेवा आणि सगळा चुरा पुसूनच ती परत आणा.

## टप्पा ६: सफाई आणि कोरडी जुळवणी

कानांमधली आणि बोल्टवरची जुनी कडक माती ब्रशने काढा. पेट्रोल किंवा रॉकेल रबरी टोपीवर जाऊ देऊ नका. बोल्टचा गुळगुळीत भाग झिजून पायरी पडली असेल तर बोल्ट नवाच घ्या.

ग्रीस लावण्याआधी नवी लिव्हर कोरडीच जागेवर धरा आणि बोल्ट हाताने आत सोडा. या क्षणी जे जाणवतं ते फार काही सांगून जातं. बोल्ट सहज खाली उतरला आणि लिव्हर तिच्या थांब्याला टेकली असतानाही पिस्टन दबलेला नसेल, तर माप बरोबर आहे. भोकं जुळवण्यासाठी लिव्हर पिस्टनच्या स्प्रिंगविरुद्ध जोराने आत रेटावी लागत असेल तर दाबटोक मोठं आहे. स्विचच्या बारीक स्प्रिंगचा हलका विरोध जाणवला तर तो यात मोजू नका. शंका आली तर जुनी लिव्हर पुन्हा लावून पाहा: तिला किती जोर लागतो, तेवढाच नवीला लागला पाहिजे.

आता टोकाशी मोकळी चाल मोजा. दाबटोक २५ मिमीवर आणि लिव्हरचं टोक १५० मिमीवर असेल तर दाबटोकाशी असलेली अर्ध्या मिमीची फट टोकाशी ३ मिमी दिसते. म्हणून पिव्होटजवळ डोळे ताणण्यापेक्षा टोकाशी पट्टी लावणं सोपं जातं. आकडा टप्पा ३ मधल्या नोंदीच्या जवळ हवा. मोकळी चाल शून्य आली तर पुढे जाऊ नका.

तपासा: कमीजास्त करायचा खटका असेल तर पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावर, आणि मधल्या एकावर, हेच माप पुन्हा घ्या. एका आकड्यावर चाल आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं काही लिव्हरमध्ये सापडतं.

## टप्पा ७: ग्रीस आणि आवळणी

लिव्हर काढा. बोल्टच्या गुळगुळीत भागावर आणि बुशच्या आत लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या, आट्यांवर नको. दाबटोकाला मुगाच्या दाण्याएवढं सिलिकोन ग्रीस पुरतं. जास्तीचं ग्रीस धूळ धरतं आणि महिन्याभरात पिव्होटमध्ये घासण्याची लगदी तयार होते.

लिव्हर बसवा, बोल्ट घाला. आता या कामातली आणखी एक मोठी चूक होण्याची जागा येते.

१. बोल्ट हलक्या हाताने, तळाला टेकेपर्यंतच आवळा. होंडाच्या अनेक मॉडेलांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या बोल्टला फक्त १ न्यूटन-मीटर दिलेलं असतं. ते म्हणजे स्क्रूड्रायव्हर दोन बोटांत धरून फिरवल्यासारखं.
२. लिव्हर दाबून सोडा. ती झटकन परत येऊन थांब्याला टेकली पाहिजे.
३. आता बोल्ट वरून धरून ठेवा आणि खालचा नट आवळा. त्याच मॅन्युअलमध्ये नटाला साधारण ६ न्यूटन-मीटर असतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच पाळा.
४. लिव्हर पुन्हा दाबून सोडा. परत येण्याचा वेग नट आवळण्याआधीसारखाच हवा.

बोल्टच नटासारखा करकचून आवळला तर दोन्ही कान आत दबतात आणि लिव्हरला चिमटीत धरतात. मग ती सावकाश परत येते किंवा अर्ध्यावर थांबते, आणि माप बिनचूक असलेली लिव्हरसुद्धा पिस्टनला दाबून ठेवते. नट आवळताना बोल्ट धरला नाही तर तोही नटाबरोबर फिरून तेच होतं. पिव्होट घट्ट ठेवण्याचं काम नटाचं आहे, बोल्टचं नाही.

नट नायलॉनच्या कड्याचा असेल आणि हाताने आरामात फिरत असेल तर त्याची पकड गेली आहे. नवा लावा.

## टप्पा ८: ब्रेकचा दिवा

बहुतेक गाड्यांत लिव्हर सोडलेली असताना स्विचची पिन दबलेली असते. लिव्हर ओढली की पिन सुटते आणि दिवा पेटतो. म्हणून लिव्हरचा उंचवटा पातळ किंवा आखूड असेल तर पिन दबतच नाही आणि दिवा कायम पेटलेला राहतो. जाड असेल तर दिवा उशिरा पेटतो किंवा पेटतच नाही.

चावी चालू करा, मागच्या ब्रेकला पाय लावू नका, आणि पुढची लिव्हर हळूहळू ओढा. पॅड डिस्कला धरण्याआधी दिवा पेटला पाहिजे आणि सोडल्यावर लगेच विझला पाहिजे. दहा-बारा वेळा करून पाहा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही पाहा. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) असलेल्या गाडीत ते बंद करणारा संकेतही बहुधा इथूनच जातो, त्यामुळे स्विच सुधारण्याचं काम नंतरवर टाकू नका.

## टप्पा ९: कोन आणि अंतर

गाडीवर नेहमीसारखे बसा, कोपर सैल ठेवा आणि बोटं सरळ पुढे करा. बोटं लिव्हरवर पडताना मनगट वरही मोडू नये आणि खालीही. कोन बदलायचा असेल तर क्लॅम्पचे दोन बोल्ट ढिले करून मास्टर सिलिंडर थोडा फिरवा. परत आवळताना बाणाची किंवा 'वर' अशा अर्थाची खूण वर असावी; अशा खुणेच्या क्लॅम्पमध्ये आधी वरचा बोल्ट पूर्ण आवळतात, मग खालचा, आणि फट खालीच राहते. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत हा टॉर्क साधारण १२ न्यूटन-मीटर असतो.

डबी फार तिरपी होईल इतकं फिरवू नका. ऑइलची पातळी चुकीची दिसू लागते आणि ती कमी असेल तर छिद्रापाशी हवा येऊ शकते.

खटका असा ठेवा की पूर्ण जोराने ब्रेक दाबल्यावर लिव्हर आणि ग्रिप यांच्यात स्पष्ट अंतर राहील. दोन बोटांनी ब्रेक लावत असाल तर ग्रिपवर राहिलेली दोन बोटं लिव्हरखाली सापडता कामा नयेत. सापडत असतील तर एक आकडा बाहेर घ्या. खटका नेहमी आकड्यावर नीट बसलेला असावा. दोन आकड्यांच्या मध्ये ठेवलेला खटका ऐन ब्रेकच्या वेळी उडी मारतो.

शेवटी हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. लिव्हर टाकी, फेअरिंग, काच किंवा हँडगार्डला लागत नाही ना, आणि हँडगार्डच्या आत ती पूर्ण चालीने फिरते ना, हे पाहा.

## टप्पा १०: जोडीतली क्लच लिव्हर

लिव्हर जोडीने येतात, म्हणून हेही थोडक्यात. केबलचा क्लच असेल तर हँडलजवळच्या ॲडजस्टरची लॉकरिंग आणि ॲडजस्टर दोन्ही आत फिरवून त्यांच्या खाचा कानाच्या खाचेच्या रेषेत आणा, केबल बाहेर घ्या आणि तिची गोळी लिव्हरमधून काढा. केबल पुरेशी सैल होत नसेल तर इंजिनजवळचा ॲडजस्टरही ढिला करा, ओढाताण करू नका.

नवी लिव्हर बसवल्यावर गोळी तिच्या खोबणीत मोकळी फिरते का ते पाहा. तिथे ती अडकली की केबलच्या तारा गोळीपाशीच एकेक तुटत जातात. मोकळी चाल मॅन्युअलप्रमाणे ठेवा. अनेक गाड्यांत ती टोकाशी १० ते २० मिमी असते. चाल शून्य ठेवली तर क्लच घसरतो आणि प्लेट जळतात. काम झाल्यावर ॲडजस्टरची खाच कानाच्या खाचेच्या रेषेतच ठेवू नका, नाहीतर केबल निसटू शकते.

क्लच ओढल्यावरच सेल्फ लागणारी गाडी असेल तर इथेही स्विच असतो. नवी लिव्हर लावल्यावर सेल्फ लागेनासा झाला तर बॅटरीवर संशय घेण्याआधी हा स्विच पाहा.

## टप्पा ११: उभ्या गाडीवरच्या तपासण्या

पुढचं चाक अधांतरी ठेवूनच हे करायचं.

लिव्हर पूर्ण जोराने दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. ती हळूहळू ग्रिपकडे सरकत गेली तर सील गळतंय किंवा हवा आहे. तो लिव्हरचा दोष नाही, पण त्या अवस्थेत गाडी काढायची नाही. सोडल्याबरोबर चाक हाताने फिरवा. टप्पा ३ मधल्या नोंदीएवढं मोकळं फिरलं पाहिजे. हे दहा वेळा करा, आणि प्रत्येक वेळी सोडल्यानंतर लगेच फिरवा.

खात्री हवी असेल तर छिद्र थेट पाहता येतं. टाकी आणि रंगवलेले भाग ओल्या कापडाने झाका, डबीचं झाकण आणि पडदा काढा, आणि लिव्हर अगदी हळू, टोकाशी थोडीशीच ओढा. चालीच्या सुरुवातीलाच तळाच्या बारीक छिद्रातून ऑइलची छोटी उसळी वर आली तर सोडलेल्या अवस्थेत छिद्र उघडं आहे. उसळी दिसली नाही तर ते बहुधा आधीच झाकलेलं आहे. लिव्हर जोरात ओढू नका, ऑइल डोळ्यांत उडेल; चष्मा लावा. रंगावर थेंब पडला तर पुसत न बसता आधी भरपूर पाण्याने धुवा.

## टप्पा १२: तापलेल्या ब्रेकवरची तपासणी

आधी मोकळ्या सपाट जागी, चालण्याच्या वेगात, पाच-सहा वेळा ब्रेक लावून पाहा. ठीक वाटलं तर कमी रहदारीच्या रस्त्यावर साधारण १० किलोमीटर जा आणि पुढचा ब्रेक नेहमीपेक्षा जास्त वापरा. वाटेत दोन-तीनदा थांबून लिव्हरच्या टोकाची मोकळी चाल बोटाने पाहा.

ब्रेक तापत जाताना चाल कमी होत गेली आणि लिव्हर निघताना होती त्यापेक्षा वर, कडक लागू लागली, तर छिद्र झाकलं जातंय. हीच पहिली खूण. चाक धरण्याची वाट पाहू नका. थांबल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहा. निघताना होती तितकीच ती हलकी सरकली पाहिजे. डिस्कला हात लावू नका, भाजेल.

चाक वाटेत धरलंच तर गाडी बाजूला घ्या आणि ब्रेक थंड होऊ द्या. पिव्होटचा नट आणि बोल्ट काढून लिव्हर बाहेर घेतली की पिस्टन मागे येतो, दाब डबीत निघून जातो आणि चाक सुटतं. त्यानंतर तीच लिव्हर पुन्हा लावून 'हळू हळू घरी नेतो' असं करू नका; तिने पुन्हा तेच होणार. म्हणून चाचणीला निघताना मूळ लिव्हर, तिचा बुश आणि दोन पाने बरोबर ठेवा. मूळ लिव्हर तिथेच बसवा आणि परत या.

पहिल्या २०० किलोमीटरनंतर नटाचा टॉर्क, मोकळी चाल आणि ब्रेकचा दिवा पुन्हा एकदा पाहून घ्या. पॅड बदलले, कॅलिपर उघडला किंवा गाडी त्या बाजूला पडली, तर टप्पा ११ आणि १२ पहिल्यापासून करा. पडलेल्या गाडीची लिव्हर सरळ दिसली तरी पिव्होटजवळ बारीक तडा गेला आहे का, हे उजेडात नीट पाहा. वाकलेली ॲल्युमिनियमची लिव्हर ठोकून किंवा तापवून सरळ करू नका, बदला.